विश्लेषण : मागितले गलबत, आला सिंह! ‘एआय’च्या ढाली अशा का निघतात?

‘शील्ड’ म्हटले की मराठी माणसाला आधी आठवते ती फिरती ढाल. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवलेली, लाकडावर पितळी पत्रा ठोकलेली, भोवती विजेत्या शाळांची नावे कोरलेली. ही ढाल आता कपाटातून निघून मोबाइलमध्ये आली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवाडीचे क्रिकेट संघ, गणेशोत्सव मंडळे, मुंबईकर चाकरमान्यांची ग्रामविकास मंडळे अशा सर्वांना टी-शर्टसाठी, पावतीपुस्तकासाठी, स्पर्धेच्या फ्लेक्ससाठी बोधचिन्ह लागते. पूर्वी ते डीटीपीवाला बसून करून देई. आता मंडळातला एखादा मुलगा ‘एआय’ला चार शब्द सांगतो आणि मिनिटभरात झळाळती ढाल ग्रुपवर येऊन पडते.

ढाल दिसते देखणी. पण नीट पाहिले की गंमत सुरू होते. मागितलेले असते समुद्रावरचे गलबत. ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे असतात दोन सिंह. वर न मागितलेला मुकुट, खाली न मागितलेली फीत आणि त्या फितीवर ‘रत्नागिरी’सारखे दिसणारे, पण कुणालाही वाचता न येणारे काहीतरी. तीन मासे सांगितले तर चार येतात. निळ्यावर सोनेरी सांगितले तर सोनेरीवर निळे येते. ग्रुपवर तोवर अंगठे पडलेले असतात आणि फाइल छपाईला गेलेली असते.

ही यंत्राची लहर वाटते, पण या चुका अगदी ठरावीक आहेत. ढालीवरची चिन्हे हा प्रकार मुळात चित्रांचा कमी आणि शब्दांचा जास्त आहे, हे लक्षात घेतले की त्यांचे कारणही कळते.

ढालीचेही व्याकरण असते?

असते, आणि ते आठशे-नऊशे वर्षे जुने आहे. युरोपात बाराव्या शतकात सरदारांच्या ढालींवर चिन्हे रंगवण्याची पद्धत रूढ झाली. चिलखतात तोंड झाकलेला माणूस कोण, हे लांबून कळावे हा त्यातला एक हेतू. पुढे ही चिन्हे घराण्यांची मालमत्ता झाली आणि त्यांची नोंद ठेवण्यासाठी एक काटेकोर भाषा तयार झाली. इंग्रजीत तिला ‘ब्लेझन’ म्हणतात. या भाषेत आधी जमिनीचा रंग सांगायचा, मग तिच्यावरची मुख्य आकृती, मग तिची संख्या, ठेवण, रंग. ‘निळी जमीन, तिच्यावर सोनेरी तिरपा पट्टा’ एवढे लिहिले की ढाल पूर्ण झाली. चित्र काढले नाही तरी चालते. ढाल म्हणजे ते वाक्य. चित्र ही त्याची एक प्रत.

हेच निळ्या जमिनीवरचे सोनेरी वाक्य इंग्लंडमध्ये दोन घराण्यांनी आपले म्हणून सांगितले आणि १३८५ मध्ये स्क्रोप विरुद्ध ग्रोव्हनर हा वाद उभा राहिला. शेकडो साक्षीदार तपासले गेले. त्यांत कवी जेफ्री चॉसरही होता. शेवटी १३९० मध्ये राजाने स्क्रोपच्या बाजूने निकाल कायम केला. एका तिरप्या पट्ट्यासाठी पाच वर्षे! आपल्याकडच्या बांधाच्या दाव्यांपुढे ही मुदत काहीच नाही, हा भाग वेगळा.

या व्याकरणातले दोन नियम पुढे उपयोगी पडणार आहेत. पहिला रंगांचा. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. सोनेरीवर रुपेरी किंवा निळ्यावर काळे लांबून दिसत नाही, इतके साधे कारण त्यामागे आहे. आपल्याकडे एसटीच्या पाट्या रंगवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. दुसरा नियम बाजूंचा. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती हातात धरणाऱ्याची उजवी. समोरून पाहणाऱ्याला ती डावीकडे दिसते. माणसे इथे हमखास गोंधळतात, मग यंत्राचे काय!

आपल्याकडे ही पद्धत कधी आली?

मराठी राज्यात ओळख सांगायची ती निशाणाने आणि मुद्रेने. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा ही अक्षरांची आहे. तिच्यात ढाल नाही, सिंह नाही. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले दिसतात, हत्ती दिसतात, पण ते युरोपच्या अर्थाने कुणा घराण्याचे नोंदवलेले ढालचिन्ह नव्हते.

संस्थानिकांना एकगठ्ठा ढाली मिळाल्या त्या ब्रिटिशांकडून. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्या वेळी लॉर्ड लिटनने संस्थानिकांना पाच फूट चौरस रेशमी निशाणे दिली. प्रत्येकावर त्या त्या संस्थानाचे नवे ढालचिन्ह होते. ही चिन्हे तयार केली होती बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या हौशी अभ्यासकाने. आधीच्या शाही भेटींच्या निमित्ताने त्याने काही केली होती. दरबारासाठी आणखी ऐंशीच्या आसपास हवी होती. मग घराण्याची कुळकथा, कुलदैवत, इतिहासातला एखादा प्रसंग, मुलखातला डोंगर किंवा नदी असे जे हाती लागेल ते युरोपच्या साच्यात बसवून ढाली तयार झाल्या. निशाणे इतकी जड झाली की एकेक उचलायला दोन धिप्पाड गोरे सैनिक लागत, अशी खुद्द लिटनचीच कबुली आहे.

एका अर्थी टेलर हाही ‘जनरेटर’च. थोडी माहिती आत, ठरलेला साचा, भराभर ढाली बाहेर. पण एक फरक आहे. त्याच्या प्रत्येक ढालीचे वाक्य लिहिलेले होते. चित्र बिघडले तर वाक्यावरून पुन्हा काढता येत होते.

रत्नागिरीच्या वाट्याला अशी संस्थानी ढाल आली नाही, कारण हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली होता. गावाला राजा मिळाला तो परदेशी आणि कैदेतला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या कोनबाँग घराण्याचे चिन्ह होते मोर. या मोराकडे पुन्हा यायचे आहे.

अलीकडचे उदाहरण नौदलाचे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘आयएनएस विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नवे नौदल निशाण आले. त्यातील चिन्हाची सोनेरी दुहेरी अष्टकोनी चौकट शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. आत नांगर, ढाल, वर राष्ट्रीय मानचिन्ह आणि ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद. वर्णन वाचून डोळ्यांसमोर रचना उभी राहते. कोणता घटक कुठे आणि का, हे सांगता येते.

सावंतवाडीच्या गंजिफाचा यात काय संबंध?

‘आधी शब्द, मग चित्र’ ही कल्पना परकी वाटत असेल तर सावंतवाडीकडे पाहावे. तिथल्या दशावतारी गंजिफात गोल पाने असतात १२०. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पाने : राजा, प्रधान आणि एक ते दहा. प्रत्येक संचाची जमीन वेगळ्या रंगाची आणि प्रत्येकाचे चिन्ह ठरलेले. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू.

‘कूर्माचे पाचवे पान’ एवढे सांगितले की चिताऱ्याला पुढे विचारावे लागत नाही. एकाच्या हातचे कासव गुबगुबीत असेल, दुसऱ्याचे लांबुडके. कुणी पाठीवर जाळी काढेल, कुणी नुसते ठिपके. ते चालते, उलट तिथेच त्याची कला. पण कासवे पाचच असतात आणि जमीन कूर्माचीच असते. ढालचिन्हांचे शास्त्र नेमके असेच आहे. हाताचा फरक चालतो, संख्येचा आणि रंगाचा चालत नाही.

संगणकाने ढाल काढण्याचे सध्या दोन मार्ग आहेत. त्यांतला एक चिताऱ्यासारखा हुकमाला बांधलेला आहे. दुसऱ्याने लाखो ढाली पाहिल्या आहेत, पण हुकूम त्याला नीट कळत नाही.

व्याकरण जाणणारे सॉफ्टवेअर कुठे अडते?

पहिल्या प्रकारातले ‘ड्रॉशील्ड’ हे परिचित नाव. इंटरनेटवर ते मोफत वापरता येते. इंग्रजीत ब्लेझनचे वाक्य टाइप केले की ते वाक्याचे व्याकरण उलगडते, साठ्यातून सिंह, गरुड, पट्टे, तारे उचलते आणि नियमाप्रमाणे ढालीवर बसवते. तेच वाक्य दिले की तीच ढाल येते. तीन मासे म्हटले की तीनच. वर दोन, खाली एक. ढाल खाली निमुळती होते म्हणून हीच ठेवण गृहीत धरली जाते. उजव्या-डाव्याचा घोळ होत नाही.

मग विचित्रपणा कुठे? पहिला शब्दक्रमात. जमीन आधी न सांगता आकृतीपासून सुरुवात केली तर वाक्य कोसळते. एखादे विशेषण जागा सोडून बसले तर सिंहाचा रंग मुकुटाला लागतो. जुन्या ब्लेझनमध्ये तोच रंग पुन्हा उच्चारायचा नाही म्हणून ‘पहिल्याचा’, ‘शेवटच्याचा’ असे लिहीत; त्यात माणसेही हरवतात.

दुसरा विचित्रपणा आपल्याला जास्त जाणवणारा. या सॉफ्टवेअरची दुनिया मध्ययुगीन युरोपची आहे. सिंहाच्या उभे राहण्याच्या, चालण्याच्या, मागे वळून बघण्याच्या डझनभर तऱ्हांना शब्द आहेत. हापूस, काजू, सुरंगीचा गजरा, पालखी यांना शब्द नाहीत. गलबत हवे असेल तर सर्वांत जवळचा शब्द ‘लिम्फॅड’. ही एका डोलकाठीची, वल्ह्यांची जुनी नौका. गलबतालाही वल्ही आणि शीड दोन्ही असत, त्यामुळे जोडी बरी जमते. पण लिम्फॅडचे शीड चौकोनी काढतात आणि कोकण किनाऱ्यावरचे शीड त्रिकोणी. मिरकरवाड्यातले कोणीही ही नौका आपली नव्हे असे एका नजरेत सांगेल.

तरीही या प्रकाराचा एक गुण मोठा आहे. जे कळले नाही ते कळले नाही, हे तो लपवत नाही. ‘हापूस’ लिहिले तर ढालीवर आंबा येणार नाही आणि शब्द ओळखता आला नाही हे दिसेल. चूक तिथल्या तिथे कळते.

चित्र काढणारी ‘एआय’ कुठे चुकते?

दुसरा प्रकार बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आहे. ‘डॅल-ई २’, ‘मिडजर्नी’, ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही साधने २०२२ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आली आणि त्यानंतर त्यांच्या पिढ्या वेगाने बदलत गेल्या. यांतली बरीच साधने ज्या पद्धतीवर उभी राहिली तिची कल्पना अशी : मशिनला कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्या ओळी दाखवायच्या. चित्रावर मुद्दाम धुरळा उडवायचा आणि तो कसा पुसायचा हे शिकवायचे. मग नुसता धुरळा द्यायचा आणि म्हणायचे, यात ‘गलबत असलेली ढाल’ आहे असे समजून पूस. टप्प्याटप्प्याने धुरळा निवळत जातो आणि चित्र उभे राहते.

यात ढालीचे वाक्य कुठेच उलगडले जात नाही. ‘ढाल’ या शब्दाच्या आसपास पाहिलेल्या चित्रांत जे वारंवार होते ते ओढून आणले जाते. ‘स्टेबल डिफ्यूजन’चे शिक्षण ज्या ‘लायन-५बी’ या संचाच्या भागांवर झाले, त्यात ५ अब्ज ८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे २ अब्ज ३२ कोटींचा मजकूर इंग्रजी होता. तिथे ढाल म्हणजे फुटबॉल क्लब, विद्यापीठे, बिअरच्या बाटल्या, व्हिडिओ गेम. सिंह, मुकुट आणि फीत ही त्या ढालींची नेहमीची सोबत. त्यामुळे गलबत मागितले तरी सिंह येतो. तो तुमच्या वाक्यातून आलेला नसतो. ‘ढाल’ या शब्दाच्या संगतीने येतो.

मग माणूस चिडून लिहितो, ‘सिंह नको’. आणि सिंह आणखी मोठा होऊन येतो! कारण वाक्यातला ‘नको’ दुबळा पडतो आणि ‘सिंह’ जोरदार ऐकू येतो. म्हणून काही साधनांत नको असलेल्या गोष्टी लिहायला वेगळी चौकट दिलेली असते.

संख्येचेही तसेच. नवी साधने यात सुधारली आहेत, पण तीन-चारच्या पुढे गेले की भरवसा राहत नाही. रंगांची अदलाबदल हा आणखी एक ठरलेला दोष. ‘निळ्या जमिनीवर सोनेरी मासा आणि लाल तारा’ या वाक्यात तीन वस्तू आणि तीन रंग आहेत. कोणता रंग कोणाचा हे बांधून ठेवणे यंत्राला जड जाते. मासा लाल होतो, तारा निळा. डाव्या-उजव्याची तर त्याला ओढच नाही, कारण ढालीची चित्रे बहुधा आरशासारखी दोन्ही बाजूंनी सारखी असतात. एका बाजूला दीपगृह आणि दुसऱ्या बाजूला किल्ला, अशी रत्नदुर्गाला शोभणारी रचना मागितली तर दोन्हीकडे एकेक दीपगृह येऊ शकते.

आता थिबाचा मोर. समजा, राजवाड्याच्या परिसरातल्या एखाद्या संघाला मोराची ढाल हवी आहे. ‘मोर’ म्हटले की यंत्र आपला निळा मोर देते, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला, वर थोडी राजस्थानी नक्षी. ब्रह्मदेशातला मोर वेगळ्या जातीचा. त्याची मान हिरवट, खवल्याखवल्यांची आणि तुरा उंच, निमुळता. इथे दोन्ही सॉफ्टवेअर सारखीच फसतात. ढालीच्या व्याकरणात पिसारा फुलवून समोर तोंड केलेल्या मोरासाठी शब्द आहे, ‘नैसर्गिक रंगाचा’ यासाठीही आहे. पण युरोपने पाहिलेला मोर भारताचा. ‘नैसर्गिक’ या एका शब्दाने ब्रह्मी राजाचा मोर रत्नागिरीचा होऊन जातो. तुरा आणि रंग स्पष्ट सांगितल्याशिवाय सुटका नाही.

आणि हे सगळे होत असताना यंत्र एकदाही ‘कळले नाही’ म्हणत नाही. शरभ मागा, बहुधा पंखांचा सिंह येईल, तोही तितक्याच झोकात. पाहणाऱ्याला शरभ माहीत नसेल तर तोच शरभ म्हणून मंडळाच्या छातीवर चढतो. सगळ्यांत जास्त सांभाळायचे ते इथे, असे वाटते. अर्धवट निघालेली ढाल परत करता येते. पूर्ण आणि चकचकीत निघालेली चुकीची ढाल कोणी परत करत नाही.

‘रत्नागिरी’ लिहिताना काय बिघडते?

गावाचे नाव ही या यंत्रांची उत्तम परीक्षा आहे. ‘रत्नागिरी’त ‘त्न’ हे जोडाक्षर आहे, एक ऱ्हस्व वेलांटी आणि एक दीर्घ. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना ‘ग’च्या आधी दिसते, पण संगणकात ती ‘ग’च्या नंतर साठवलेली असते. युनिकोडमध्ये हा शब्द नऊ संकेतांचा : र, त, हलंत, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. हे नऊ संकेत जुळवून योग्य आकार मांडण्याचे काम फॉन्ट आणि त्यामागची यंत्रणा करते. मोबाइलवर मेसेज वाचताना हे इतके सहज होते की कुणाच्या लक्षातही येत नाही.

चित्र काढणारे यंत्र मात्र फॉन्ट वापरत नाही. ते अक्षरे ‘लिहीत’ नाही, अक्षरांसारखे दिसणारे चित्र रंगवते. रोमन अक्षरे सुटी आणि मोजकी. शिवाय पाहिलेल्या चित्रांत ती अफाट. म्हणून नव्या साधनांनी इंग्रजी बऱ्यापैकी जमवले. देवनागरीत शिरोरेषेखाली लोंबणारे आकार, काना, मात्रा, अर्धी अक्षरे यांचा मेळ अजून सुटतो. ‘त्न’ फुटतो, वेलांट्यांची अदलाबदल होते, एखादे अक्षर बंगाली वळण घेते.

आज्ञा मराठीत द्यावी तर दुसरी अडचण. ‘रत्नागिरी’ रोमनमध्ये लिहिले तर नऊ बाइट. देवनागरीत प्रत्येक संकेताला तीन, म्हणजे सत्तावीस. सुरुवातीच्या ‘स्टेबल डिफ्यूजन’ला एका वेळी ७७ तुकडेच वाचता येत. मराठी शब्दांचे तुकडे जास्त पडतात, त्यामुळे ढालीचे वर्णन अर्ध्यावर असतानाच जागा संपते आणि उरलेले वाक्य न वाचताच चित्र निघते. नव्या साधनांत ही मर्यादा सैल झाली आहे, पण मराठीतली समज अजून इंग्रजीइतकी नाही.

राजमुद्रेच्या बाबतीत हा दोष गंभीर होतो. अनेक मंडळांना ढालीत राजमुद्रा हवी असते. यंत्र अष्टकोन झकास काढते, कोपरे झिजलेले दाखवते, पितळेची चमक देते. आत मात्र संस्कृत मजकुराच्या जागी निरर्थक रेघोट्या असतात. दुरून राजमुद्रा, जवळून काहीच नाही. असे टी-शर्ट छापून अंगावर मिरवण्यापूर्वी कुणीतरी ते एकदा मोठे करून वाचायला हवे.

शिक्क्यावर काय होते?

मोबाइलच्या पडद्यावर जे शोभते ते पावतीपुस्तकावर शोभेलच असे नाही. ‘एआय’ची ढाल सहसा ठिपक्यांच्या चित्राच्या रूपात मिळते. फ्लेक्सवर मोठी केली की फाटते आणि रबरी शिक्क्यासाठी लहान केली की काळा डाग होतो. सावल्या, चमक, रंगछटा यांतले काहीच रबरात उतरत नाही. भरतकामाच्या मशिनलाही छटा नको असतात. तिला धाग्याचे ठरलेले रंग आणि स्वच्छ कडा लागतात. ‘ड्रॉशील्ड’सारखी सॉफ्टवेअर रेषांवर आधारलेली फाइल देतात, ती कितीही ताणली तरी कडा तशीच राहते. डीटीपीवाल्याने कोरलड्रॉमध्ये हाताने काढलेल्या जुन्या चिन्हांचाही हाच गुण होता.

एका रंगात छापायचे तर रंग कसे ओळखायचे? याचे उत्तर सतराव्या शतकातच निघाले आहे. १६३८ मध्ये पेत्रा सांक्ता या इटालियन पाद्र्याच्या ग्रंथाने रेघांची एक पद्धत रूढ केली. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, तिरप्या हिरव्या, उभ्या-आडव्या जाळीचा काळा. जुन्या नाण्यांवर आणि कोरीव धातुकामावर आजही या रेघा सापडतात. सोसायटीच्या काळ्या शिक्क्यातही ढाल निळी आहे हे अशा रीतीने सांगता येते. चित्र काढणारी ‘एआय’ या रेघा नक्षी म्हणून भरते. त्यांचा अर्थ तिला लागत नाही.

कायद्याची अडचण कोणती?

इंग्लंडमध्ये १४८४ पासून ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था ढालचिन्हांची नोंद पाहते. भारतात खासगी संस्थांना ढालचिन्ह बहाल करणारे असे दफ्तर नाही. व्यवसायाचे चिन्ह राखायचे तर ट्रेडमार्कचा मार्ग. म्हणून कुणी कसलीही ढाल करावी असे मात्र नाही.

‘भारतीय ढाल’, ‘सरकारी वाटेल असा लोगो’ अशी मागणी केली की यंत्र फार पटकन सारनाथच्या सिंहांकडे वळते. २६ जानेवारी १९५० पासून ते राष्ट्रीय मानचिन्ह आहे. २००५ च्या कायद्याने त्याचा, किंवा त्याच्याशी साधर्म्य असलेल्या नकलेचा, सरकारशी संबंध असल्याचा भास होईल असा वापर करण्यास मनाई आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. २००७ च्या नियमांत तर संस्था-संघटनांनी लेटरहेड, बिल्ले, झेंडे यांवर ते वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. संस्था नोंदणीकृत असो वा नसो. ‘हे एआयने काढले, आम्ही मागितले नव्हते’ हा बचाव कितपत टिकेल? छापायला देणारा हात माणसाचाच असतो.

१९५० चा आणखी एक कायदा व्यापारी उपयोगाबद्दल आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांचाही समावेश आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याच्या चिन्हात वापरता येत नाही. मंडळाचा उत्सव वेगळा आणि मंडळाच्या नावाने चालणारी टी-शर्टविक्री वेगळी, एवढे तरी ध्यानात ठेवलेले बरे.

मग करायचे काय?

‘एआय’ बंद करा, असे कोणी सांगणार नाही आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. कामाची वाटणी मात्र करता येते. आधी मंडळाच्या बैठकीत ढालीचे वाक्य मराठीत लिहावे. उदाहरणार्थ : ‘निळी जमीन, तिच्यावर सोनेरी गलबत, शीड त्रिकोणी, तोंड ढालीच्या उजव्या बाजूस, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, वरच्या तिसऱ्या हिश्शात रुपेरी पट्टा, त्यावर तीन हिरवे आंबे.’ रंगांचा नियम इथे पाळला गेला आहे : निळ्यावर सोनेरी, रुपेरीवर हिरवे. पिकलेला हापूस हवा असा आग्रह झाला तर रुपेरी पट्ट्यावर सोनेरी आंबा दिसणार नाही, हे वाक्यावरूनच कळते आणि वाद चित्र निघण्यापूर्वी मिटतो. किंवा वाढतो, पण कागदावर.

मग जमीन, पट्टा आणि मांडणी व्याकरण जाणणाऱ्या सॉफ्टवेअरकडून करून घ्यावी. गलबत आणि आंबा त्याच्या साठ्यात नाहीत, ते ‘एआय’कडून एकेक सुटे मागावे. ढाल हा शब्द न उच्चारता, पांढऱ्या जमिनीवर, एका रंगात. ‘ढाल’ म्हटले नाही की सिंहही सहसा फिरकत नाही. निघालेले चित्र रेषांच्या फाइलमध्ये बदलून मांडणीत बसवण्याचे काम कुठलाही डीटीपीवाला करून देईल. गावाचे नाव शेवटी, युनिकोड फॉन्टमध्ये, हाताने टाइप करून. ‘त्न’ जुळला आहे का, पहिली वेलांटी ऱ्हस्व आणि दुसरी दीर्घ आहे का, हे शाळेतल्या मराठीच्या बाईंना एकदा दाखवून.

छपाईला देण्यापूर्वी ढाल बोटाच्या पेराएवढी करून काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स काढावी. त्यात गलबत गलबत दिसले तर ठीक. आणि ते मराठी वाक्य मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. फोन बदलतो, फाइल हरवते, ग्रुप सोडून गेलेल्या मुलाचा नंबर लागत नाही. पुढच्या वर्षीच्या टी-शर्टसाठी वहीतल्या त्या दोन ओळी पुरतात.